रुग्ण ‘नाही’ का म्हणत होते? प्रोटेक्ट ट्रायलमधल्या रुग्णभरतीचा प्रकरण अभ्यास

ट्रायलमध्ये, म्हणजे उपचारांची रुग्णांवर तुलना करून पाहणाऱ्या अभ्यासात, रुग्ण मिळेनासे झाले की बैठकीत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. लोकांना भीती वाटते, नातेवाईक नको म्हणतात, निकष फार कडक आहेत, केंद्रं वाढवा. यातलं प्रत्येक कारण कुठे ना कुठे खरं असतं. पण रुग्णाला माहिती देताना बंद दाराआड नेमकं काय बोललं जातं, हे क्वचितच कोणी तपासतं. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या ट्रायलने ते तपासलं आणि नोंदवून ठेवलं. म्हणून ऑन्कोलॉजी असो की ऑर्थोपेडिक्स, भरतीचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा बारकाईने पाहावं. यातले रुग्ण, नर्सेस आणि डॉक्टर मूळ अहवालांतही अनामिक आहेत, इथेही तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

प्रश्न सोपा होता, उत्तर कोणाकडेच नव्हतं. पीएसए ही प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाचं प्रमाण मोजणारी रक्ततपासणी रूढ झाल्यावर प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीचा कॅन्सर ग्रंथीच्या आत असतानाच मोठ्या संख्येने सापडू लागला. अशा पुरुषापुढे तीन वाटा असतात. शस्त्रक्रिया करून संपूर्ण ग्रंथी काढायची, रेडिएशन घ्यायचं, किंवा लगेच काहीच न करता आजारावर लक्ष ठेवायचं. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. रेडिएशननंतर आतड्याचा त्रास होऊ शकतो. लक्ष ठेवण्यात आजार हाताबाहेर जाण्याची धास्ती असते. दुसरीकडे यातले बरेच कॅन्सर इतके संथ वाढतात की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. मग कोणाचं काय करायचं?

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संशोधन निधीतून १९९९ साली याची पूर्वतयारीची ट्रायल सुरू झाली. शेफील्ड, न्यूकॅसल आणि ब्रिस्टल ही तीन केंद्रं होती. फ्रेडी हॅम्डी आणि डेव्हिड नील हे मूत्ररोग शल्यविशारद आणि सामाजिक वैद्यकाच्या संशोधक जेनी डोनोव्हन असे तिघे प्रमुख. मोठी ट्रायल मुळात होऊ शकते का, एवढंच या टप्प्यात पाहायचं होतं, आणि ती शंका अनाठायी नव्हती. याच आजारावरचा ब्रिटनमधला आधीचा एक प्रयत्न रुग्ण न मिळाल्याने गुंडाळावा लागला होता. पुढे उत्तर अमेरिकेत शस्त्रक्रिया आणि ब्रॅकीथेरपी (ग्रंथीच्या आत किरणोत्सर्गी कण ठेवून दिलेलं रेडिएशन) यांची तुलना करणारी स्पिरिट ही ट्रायल जवळपास दोन हजार रुग्णांचं उद्दिष्ट ठेवून निघाली आणि ५६ रुग्णांवर बंद पडली.

माणूस भरतीच्या खोलीपर्यंत कसा पोचायचा तेही पाहू, कारण पुढचा हिशोब त्यावर आहे. जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या याद्यांमधून ५० ते ६९ वयाच्या पुरुषांना पत्र जाई. येतील त्यांना नर्स पीएसएबद्दल समजावून सांगे आणि संमती घेऊन रक्त घेई. पीएसए ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आला तर अल्ट्रासाउंडच्या मदतीने दहा तुकड्यांची बायोप्सी. ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर निघाला आणि तिन्ही उपचारांना प्रकृती योग्य ठरली, तर माहितीची स्वतंत्र भेट. त्या भेटीत तिन्ही उपचार समजावायचे, यादृच्छिक वाटणी (कोणाला कोणता उपचार हे केवळ योगायोगाने ठरवणं) म्हणजे काय ते सांगायचं आणि तयारी आहे का ते विचारायचं. हो म्हटलं तर संगणकाने दुरून वाटणी करायची. वय, ग्लीसन स्कोअर (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा) आणि पीएसए यांचा समतोल राखून. नाही म्हटलं तर त्याने स्वतः उपचार निवडायचा आणि त्याच्यावरही पुढे लक्ष ठेवायचं.

अडचण

माहितीच्या भेटीपर्यंत पुरुष येत होते. तिथे गाडी अडत होती. पात्र पुरुषांपैकी सुमारे ४० टक्केच वाटणीला तयार होत. त्यातही लक्ष ठेवण्याचा गट हा नावडता भाऊ. ज्यांच्या वाट्याला तो येई त्यांना आपल्याला उपचारच नाकारल्यासारखं वाटे.

४० टक्के म्हणजे अगदीच वाईट नाही असं कोणी म्हणेल. पण हे गाळप फार वरून सुरू होतं. संपूर्ण ट्रायलचे अंतिम आकडे पाहा: ८२,४२९ पुरुषांची पीएसए तपासणी केल्यावर मर्यादित कॅन्सरचे २,६६४ पुरुष मिळाले. म्हणजे खोलीत बसलेल्या एका पात्र पुरुषामागे सुमारे ३१ जणांचं रक्त, पत्रव्यवहार, नर्सचा वेळ आणि कित्येक नकारात्मक बायोप्सी. त्या शेवटच्या भेटीत एक माणूस निसटला की वरचे ३१ जणांचे श्रम ट्रायलच्या दृष्टीने वाया गेले. गळती कुठेही थांबवली तरी फायदा असतो, पण या टप्प्यावर थांबवलेल्या गळतीला सर्वात जास्त मोल.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय: लक्ष ठेवण्याचा गटच काढून टाका. शस्त्रक्रिया विरुद्ध रेडिएशन अशी दोन गटांची ट्रायल डॉक्टरांना समजावायला सोपी, रुग्णालाही ‘काहीतरी करतायत’ हे समाधान. पूर्वतयारीत दोन आणि तीन गट अशा दोन्ही रचना तपासल्या जात होत्या, त्यामुळे हा मोह खरा होता. पण तसं केलं असतं तर मूळ प्रश्नाचं अर्ध उत्तर कायमचं हातचं गेलं असतं. आक्रमक उपचार केलेच पाहिजेत का, हीच तर शंका होती.

दुसरा: भरती डॉक्टरांनी करावी की नर्सेसनी? शल्यविशारदाचा शब्द वजनदार, नर्सकडे वेळ जास्त. यावर नुसता वाद न घालता त्यांनी त्याचीही छोटी यादृच्छिक ट्रायल केली. १५० पुरुष, काहींना नर्सने माहिती दिली, काहींना मूत्ररोगतज्ज्ञाने. तयार झालेल्यांचं प्रमाण नर्सेसकडे ६७ टक्के आणि डॉक्टरांकडे ७१ टक्के, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. नर्सेस वेळ जास्त देत, तरी एकूण खर्च कमी पडे. मुख्य ट्रायलमध्ये भरतीचं काम नर्सेसकडे गेलं. भरतीबद्दलचे वाद मताने नव्हे तर मोजून मिटवण्याचं हे उदाहरण मला या प्रकरणातलं सर्वात अनुकरणीय वाटतं.

तिसरा पर्याय नेहमीचा, म्हणजे केंद्रं आणि पत्रं वाढवणं. तो सोपा वाटतो, पण त्याने गळकी बादली मोठी होते, एवढंच.

चौथा पर्याय त्या काळी चमत्कारिक होता. माहितीच्या भेटी रुग्णाच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करायच्या, संशोधकांनी त्या ऐकायच्या, नंतर रुग्णांशी आणि भरती करणाऱ्यांशी सविस्तर बोलायचं, आणि जे सापडेल त्यावरून माहिती देण्याची पद्धत ट्रायल चालू असतानाच बदलायची. डोनोव्हन यांच्या गटाने हे केलं.

काय ऐकू आलं

सापडलेल्या गोष्टी चार जागी मांडता येतात. त्या चारही एकाच वजनाच्या नाहीत.

सर्वात ठळक दोष क्रमाचा आणि वाटपाचा. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन तपशिलात सांगितलं जाई: कसं करतात, किती दिवस लागतात, बरं होण्याची शक्यता. लक्ष ठेवण्याचा पर्याय शेवटी, दोन वाक्यांत उरकला जाई. कोणी मुद्दाम करत नव्हतं. ज्याबद्दल आपल्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं ते माणूस जास्त सांगतो. रुग्ण मात्र वेळेवरून किंमत ओळखतो.

दुसरा दोष शब्दांचा. लक्ष ठेवण्याला तेव्हा ‘वॉचफुल वेटिंग’ म्हणत. रुग्णांना त्यातून ‘उपचार नाही’ असं ऐकू येई. ‘मी मरतो ते बघत बसणार’ असाही अर्थ निघाला. ‘ट्रायल’ या शब्दाने आणखी गोंधळ केला. काही पुरुषांना तो ‘करून बघू’ या अर्थाने कळला आणि त्यांनी तो लक्ष ठेवण्याच्या गटाशीच जोडला. म्हणजे डॉक्टर संपूर्ण अभ्यासाबद्दल बोलत होता आणि समोरचा एका गटाबद्दल ऐकत होता.

तिसरा, आयुष्याच्या आकड्यांचा. बहुतेक रुग्ण दहा वर्षांनंतरही जिवंत असतात हे सांगणाऱ्याच्या दृष्टीने दिलासादायक वाक्य. ऐकणाऱ्याच्या मनात ‘दहा वर्षं’ हा आकडा अडकून बसे आणि तो मुदतीसारखा वाजे.

चौथा दोष सर्वात खोल, आणि तो रुग्णांचा नव्हता. तिन्हीपैकी कोणता उपचार चांगला हे माहीत नाही, असं ट्रायलचा आराखडा म्हणतो. ते वाक्य छापील कागदावर सहज येतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगताना जीभ अडखळते. ज्याने उभं आयुष्य शस्त्रक्रिया केल्या त्याला ‘मला माहीत नाही’ म्हणणं जड जातं. मग तो अनिश्चितता सांगतो आणि लगेच, तुमच्या वयाला अमुक बरं, असा कल सुचवतो. रुग्ण ते अचूक पकडतो. वर यादृच्छिक वाटणीचं सांगणं आलं की त्याला ते चिठ्ठी टाकून जबाबदारी झटकल्यासारखं वाटतं.

काय बदललं

निष्कर्ष लेखी स्वरूपात तिन्ही केंद्रांना दिले गेले, प्रशिक्षण झालं, आणि भरती करणाऱ्यांना त्यांच्याच भेटींच्या ध्वनिमुद्रणांवरून वैयक्तिक अभिप्राय दिला गेला. बदल असे.

तिन्ही उपचारांना बरोबरीची जागा. प्रत्येकाचे फायदे आणि तोटे दोन्ही सांगायचे, कोणताही शेवटी घाईत उरकायचा नाही.

‘वॉचफुल वेटिंग’ जाऊन ‘ॲक्टिव्ह मॉनिटरिंग’ आलं. इथे नीट पाहिलं पाहिजे, कारण या प्रकरणाची आठवण ‘नाव बदललं आणि भरती वाढली’ अशी सोपी करून सांगितली जाते. नावाबरोबर मजकूर भरला गेला. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पीएसए, नंतर सहा ते बारा महिन्यांनी. मागच्या बारा महिन्यांत पीएसए ५० टक्के वाढला तर पुन्हा तपासून निर्णय. रुग्णाला हवं तेव्हा शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनकडे वळण्याची मोकळीक. आधी जिथे पोकळी होती तिथे आता वेळापत्रक, मर्यादा आणि पुढची पायरी आली. मजकूर न बदलता नुसतं नाव गोंडस केलं असतं, तर ती रुग्णाची दिशाभूल ठरली असती.

‘ट्रायल’ऐवजी ‘स्टडी’. दहा वर्षांच्या आकड्याऐवजी, हा आजार असूनही बहुतेक पुरुष दीर्घकाळ जगतात, अशा अर्थाचं वाक्य.

आणि अनिश्चिततेबद्दल: भरती करणाऱ्याने आधी ठामपणे सांगायचं की तुमची प्रकृती तिन्ही उपचारांना योग्य आहे आणि तिन्हीपैकी सरस कोणता याचा पुरावा नाही. नंतर रुग्णाचा कल विचारायचा. कल ऐकला की ‘बरं, मग तेच करू’ म्हणून फाइल बंद करायची नाही. तो कशावर उभा आहे ते पाहायचं. समजा कोणी म्हणाला, मला ऑपरेशनच करायचंय. शेजाऱ्याचं झालं आणि तो बरा झाला एवढ्यावर हे मत बनलं असेल तर राहिलेली माहिती द्यायची. सगळं समजूनही तो ठाम असेल तर त्याचा निर्णय मान्य करायचा. प्रशिक्षणात हा भाग सर्वात अवघड, कारण चौकशी आणि आग्रह यांतली रेघ बारीक आहे.

निर्णयाची अवघड वळणं

हे मन वळवणं नव्हे का, हा आक्षेप पहिल्यापासून आहे आणि तो रास्त आहे. त्याला प्रोटेक्टने दिलेलं उत्तर कृतीत आहे. नाकारणाऱ्यांची दारं बंद केली नाहीत; जवळपास हजार पुरुषांनी वाटणी नाकारून स्वतः उपचार निवडला आणि त्यांचाही पाठपुरावा झाला. दुसरी कसोटी म्हणजे वाटणीनंतर माणूस दिलेल्या गटात टिकतो का. फसवून हो म्हणवलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात मागे फिरतो. म्हणून भरतीच्या टक्क्याशेजारी हा दुसरा आकडा लिहिलेला नसेल तर पहिल्यावर विश्वास ठेवू नये.

प्रोटेक्टचा तो आकडा संमिश्र आहे. नऊ महिन्यांच्या आत वाट्याला आलेला उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण लक्ष ठेवण्याच्या गटात ८८ टक्के, रेडिएशनमध्ये ७४ आणि शस्त्रक्रियेत ७१ टक्के. गंमत अशी की जो गट आधी नकोसा होता त्यातच लोक सर्वाधिक राहिले आणि ज्याची ओढ होती त्यातून जास्त निसटले. शस्त्रक्रियेची तारीख समोर आली की विचार बदलतो, हे कुठल्याही वॉर्डात दिसतं. पण सुमारे तीन-दहांश लोक दुसरीकडे गेल्याने तुलनेची धार थोडी बोथट होते, हे मान्य करायला हवं.

ट्रायल चालू असताना माहिती देण्याची पद्धत बदलणं हेही धाडसाचं. मुख्य ट्रायलमध्ये असं अधूनमधून बदलत राहिलं तर आधीचे आणि नंतरचे रुग्ण वेगळ्या समजुतीने आत येतात. इथे ते निभावलं कारण पूर्वतयारीच्या टप्प्यातच केलं. तो टप्पा नुसता कागदपत्रांच्या सरावासाठी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

निष्पत्ती

वर्षभरात तयार होणाऱ्यांचं प्रमाण ४० वरून ७० टक्क्यांवर गेलं. तीन गटांची रचनाच पसंत ठरली आणि मुख्य ट्रायल तिच्यावर उभी राहिली. केंद्रं नऊ झाली: आधीच्या तिघांत बर्मिंगहॅम, केंब्रिज, कार्डिफ, एडिनबरा, लीड्स आणि लेस्टर यांची भर पडली. २००९ पर्यंत १,६४३ पुरुषांची वाटणी झाली: लक्ष ठेवणे ५४५, शस्त्रक्रिया ५५३, रेडिएशन ५४५. हे पात्र पुरुषांच्या ६२ टक्के. म्हणजे ७० चा कळस नऊ केंद्रांवर दहा वर्षं टिकला नाही, पण ४० वरही घसरला नाही.

त्रैराशिक मांडून पाहा. ४० टक्क्यांवर १,६४३ चा आकडा गाठायला सुमारे ४,१०० पात्र पुरुष लागले असते, आणि त्यांच्यासाठी सुमारे १,२७,००० जणांची पीएसए तपासणी. म्हणजे आणखी जवळपास ४५,००० तपासण्या आणि त्यामागून येणाऱ्या बायोप्सी. भेटींची मुद्रणं ऐकायला बसवलेल्या संशोधकांचा पगार या आकड्याशेजारी ठेवून बघावा.

वैद्यकीय उत्तर २०१६ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याने पक्कं झालं. १,६४३ पैकी ४५ जण प्रोस्टेट कॅन्सरने गेले: लक्ष ठेवण्याच्या गटात १७, शस्त्रक्रियेत १२, रेडिएशनमध्ये १६. मृत्यूंमध्ये ठळक फरक नाही. आजार पसरण्याचं प्रमाण मात्र लक्ष ठेवण्याच्या गटात जास्त होतं, ५१ जण. इतर दोन गटांत २६ आणि २७. त्या गटातल्या बहुतेकांनी पुढे कधी ना कधी उपचार घेतले, आणि १३३ जण पंधरा वर्षांनीही शस्त्रक्रिया, रेडिएशन वा हार्मोन उपचार न घेता जिवंत होते. सोपी दोन गटांची रचना स्वीकारली असती तर यातलं सर्वात उपयोगी काहीच कळलं नसतं.

ही पद्धत पुढे क्विंटेट या नावाने इतर शाखांत गेली. कंबरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया की फिजिओथेरपी हे पाहणारी फॅशन, स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपी कोणाला टाळता येईल हे पाहणारी ऑप्टिमा, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांची तुलना करणारी बाय-बँड-स्लीव्ह अशा ट्रायल्समध्ये ती वापरली गेली. आजार बदलले तरी सापडलेले दोष ओळखीचेच निघतात: असमान मांडणी, दोन अर्थांचे शब्द, आणि डॉक्टरांचा लपलेला कल.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी उणीव कोण आत आलं याची. सहभागी पुरुष जवळपास सगळे गोरे होते. कृष्णवर्णीय पुरुषांना या आजाराचा धोका जास्त असतो आणि बर्मिंगहॅम, लेस्टर ही केंद्रं तर दक्षिण आशियाई वस्तीची शहरं. खोलीत काय बोललं जातं यावर इतकं बारीक काम झालं, पण खोलीपर्यंत कोण पोचतच नाही याकडे तेवढं लक्ष गेलं नाही. नंतरच्या काळात यासाठी चार आकड्यांची नोंद रूढ झाली: किती तपासले, किती पात्र ठरले, किती जणांना विचारलं आणि किती आत आले. ती वांशिक गट आणि भाषेनुसार पहिल्या दिवसापासून ठेवली असती तर गळतीची ही दुसरी जागा लवकर दिसली असती.

दुसरं, ध्वनिमुद्रणांचं विश्लेषण सुरुवातीला बरंचसं विश्लेषकाच्या कानावर अवलंबून होतं. पुढे प्रत्येक उपचारावर किती वेळ बोललं गेलं, हे मोजण्याची पद्धत आली. ‘तुम्ही शस्त्रक्रियेकडे झुकता’ हे मत डॉक्टर वादात उडवतो. ‘शस्त्रक्रियेला सात मिनिटं, लक्ष ठेवण्याला दीड मिनिट’ असं दाखवलं तर तो गप्प राहून पुन्हा ऐकतो.

आपल्याकडच्या केंद्रांना लागू होणारा भाग

भारतात काही ट्रायल्समध्ये संमतीची दृकश्राव्य नोंद बंधनकारक आहे: २०१९ च्या नियमांनुसार पूर्णपणे नव्या रेणूच्या औषधाच्या ट्रायलमध्ये सहभागी असुरक्षित (म्हणजे दबावाखाली हो म्हणण्याची शक्यता असलेल्या) गटातला असेल तर, आणि एचआयव्ही व कुष्ठरोगाच्या औषधांच्या बाबतीत फक्त ध्वनिमुद्रण. ही नोंद पुरावा म्हणून कपाटात जाते आणि निरीक्षक आला की बाहेर निघते. संमती घेतली हे ती दाखवते. काय समजलं ते शोधायला ती सहसा कोणी ऐकत नाही. शिवाय ती बहुधा सह्यांच्या वेळची असते. खरं बोलणं आधी ओपीडीत, डॉक्टरच्या टेबलापाशी किंवा ट्रायलचं रोजचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरबरोबर बाकावर झालेलं असतं. ऐकायचं असेल तर ते.

मराठीत बोलताना शब्दांची अडचण दुप्पट होते. माहितीपत्रकात ‘प्रायोगिक उपचार’ लिहिलेलं असतं आणि घरचा माणूस विचारतो, आमच्यावर प्रयोग करताय का? ‘यादृच्छिक’ हा शब्द ओपीडीत कोणालाच कळत नाही आणि ‘चिठ्ठी टाकणे’ फार लवकर कळतं, नको त्या अर्थाने. मूळ मजकुराशी तंतोतंत जुळणारं भाषांतर नैतिकता समितीकडून मंजूर होतं, पण कोऑर्डिनेटर तोंडी काय सांगतो ते प्रत्येक वेळी वेगळं असतं. पाच-सहा भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकलं तरी नेमकं कोणतं वाक्य रुग्णाला बिचकवतं हे कळू लागतं. रुग्णासोबत मुलगा किंवा सून असेल तर शेवटचे प्रश्न कोण विचारतंय तेही टिपून ठेवावं, कारण घरी जाऊन निर्णय बहुधा तेच घेतात.

यासाठी नैतिकता समितीची वेगळी मंजुरी आणि रुग्णाची वेगळी संमती लागते. ट्रायलच्या संमतीत ती गृहीत धरता येत नाही. डॉक्टर आणि कोऑर्डिनेटर यांचीही लेखी परवानगी घ्यावी. मुद्रणं कामगिरी मोजायला वापरली जाणार नाहीत, हे विभागप्रमुखाने सुरुवातीलाच लिहून द्यावं, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून रेकॉर्डरची बॅटरी संपलेली असते.